भेटकार्डाची दर्शनी किंमत आणि खरी किंमत

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विश्वस्त व कर्मचारीवर्गासमोर लेखा-सल्लागारांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कर्मचाऱ्यांच्या गौरवासाठी आणि दिवाळीच्या भेटीसाठी मिठाईच्या खोक्याऐवजी गिफ्ट कार्ड द्यावे, असा विचार विश्वस्त मंडळापुढे आलेला आहे. त्यासंबंधी दोन प्रश्न मला विचारण्यात आले. ज्यावर कर्मचाऱ्याला आयकर पडणार नाही असे कार्ड कोणते, आणि ज्यावर संस्थेला कमीत कमी शुल्क द्यावे लागेल असे कार्ड कोणते? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु मुळशीसारख्या तालुक्यात या दोहोंच्या पलीकडे एक तिसरा खर्च असतो. तो कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो आणि तो संस्था सोसत नाही, तर ज्याला भेट दिली तो सोसतो. आज मी प्रामुख्याने त्याविषयी बोलणार आहे. तथापि कायद्याचा भाग आधी उरकून घेणे श्रेयस्कर.

आपल्या रुग्णालयात ही चर्चा का निघते, हे प्रथम लक्षात घ्यावे. कारखान्यातील कामगाराला दिवाळीपूर्वी बोनस मिळतो, तो १९६५ च्या बोनस कायद्याने त्याचा हक्क ठरला म्हणून. त्याच कायद्याच्या ३२ व्या कलमाने नफ्यासाठी न चालविल्या जाणाऱ्या संस्थांना, त्यांत रुग्णालयांचा नावानिशी उल्लेख करून, वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही ही सूट कायम आहे. म्हणजे पिरंगुटच्या कारखान्यात काम करणाऱ्या पतीला बोनस मिळतो आणि आपल्या येथे रात्रपाळी करणाऱ्या त्याच्या पत्नीला कायद्याने तो मिळत नाही. एकाच घरात दिवाळीच्या तोंडावर हा फरक जाणवतो. संस्था जे देते ते स्वेच्छेने देते. म्हणूनच ते देताना त्यातील एकही रुपया वाटेत सांडता कामा नये.

आता आयकराविषयी. १९६२ च्या आयकर नियमांतील तिसऱ्या नियमात मालकाकडून कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या परिलब्धींचे मूल्य कसे काढावे हे सांगितले होते. सणासमारंभाच्या निमित्ताने किंवा अन्यथा कर्मचाऱ्याला वा त्याच्या कुटुंबीयाला दिलेली वस्तू, व्हाउचर किंवा टोकन यांचे वर्षभराचे एकूण मूल्य ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर ते शून्य धरावे, असा तो नियम. येथे शब्दांकडे बारकाईने पाहणे भाग आहे. नियमात ‘पाच हजारांहून कमी’ असे होते. २००१ च्या डिसेंबरात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने काढलेल्या परिपत्रकात मात्र ‘पाच हजारांपर्यंत’ सूट आणि त्यावरील रक्कम करपात्र असे म्हटले होते. नियम काटेकोरपणे वाचला तर मर्यादा ओलांडताच सगळी रक्कम करपात्र. परिपत्रक वाचले तर केवळ वरची. या वादात आपल्या रुग्णालयाने पडण्याचे काही कारण नाही. मर्यादेच्या दोन-तीनशे रुपये आत राहावे, म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही.

त्याच परिपत्रकात आणखी एक महत्त्वाचे वाक्य होते. रोख स्वरूपातील किंवा रोखीत रूपांतरित होऊ शकणारी भेट, उदाहरणार्थ गिफ्ट चेक, या सवलतीत बसत नाही. पाकिटात घालून दिलेली पाचशेची नोट करपात्र, आणि तेवढ्याच रकमेचे दुकानाचे कूपन करमुक्त, असा हा भेद आहे. तो तर्काला पटो वा न पटो, हिशेबाला तो पाळावा लागतो. त्याचप्रमाणे पगाराचाच काही भाग कापून त्याचे कार्ड करून देणे हे भेटीच्या व्याख्येत बसत नाही. तो वेश बदललेला पगारच होय.

आयकर अधिनियम १९६१ ची जागा १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ ने घेण्याचे ठरले आणि नव्या अधिनियमाबरोबर नियमावलीही नवी झाली. वर सांगितलेला ५,००० चा आकडा जुन्या नियमांतील आहे. यापुढे दर एप्रिलमध्ये चालू नियमावलीतील मर्यादा पाहून ती विश्वस्तांच्या ठरावात आकड्यानिशी लिहावी. भिंतीवर टांगलेल्या जुन्या तक्त्यावरून कार्डे मागविली जाऊ नयेत.

मर्यादा ही वर्षाची आणि सर्व भेटी मिळून आहे, हे मात्र बहुतेक ठिकाणी विसरले जाते. १२ मे रोजी परिचारिका दिनाला मेट्रन कार्यालयाकडून एक भेट, १ जुलैला डॉक्टर दिनाची एक, दिवाळीला प्रशासनाची, ८ मार्चला महिला कर्मचाऱ्यांसाठी आणखी एक, आणि पंचवीस वर्षे सेवा झाली म्हणून चांदीचे नाणे. प्रत्येक विभाग आपापल्या परीने मर्यादेतच असतो, परंतु एकाच सिस्टरच्या नावावर त्यांची बेरीज केली की मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते. म्हणून सर्व विभागांची मिळून एकच नोंदवही असावी. तीत कर्मचाऱ्याचे नाव, भेटीचे निमित्त, दर्शनी मूल्य, कार्डाचे शेवटचे चार अंक, दिनांक आणि घेणाऱ्याची सही एवढे रकाने पुरेत. ३,००० रुपयांचे कार्ड सवलतीमुळे संस्थेला २,९१० रुपयांना पडले, तरी नोंद ३,००० चीच करावी, कारण कर्मचाऱ्याच्या हाती पडले ते तेवढेच.

येथे एक अप्रिय प्रश्न विचारला पाहिजे. या करमुक्तीचा लाभ नेमका कोणाला होतो? आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे आयकर भरावा लागत नाही. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून ही सीमा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. आपल्या वॉर्डातील मावशी, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचे चालक, स्वयंपाकघरातील भगिनी आणि बहुसंख्य परिचारिका या सीमेच्या पुष्कळ आत आहेत. त्यांना ५,००० रुपये रोख दिले काय आणि कार्डाने दिले काय, आयकर दोन्हीकडे शून्यच. ज्या वरिष्ठ डॉक्टरांना ३० टक्के दराने कर लागतो, त्यांचे मात्र या सवलतीने उपकरासह सुमारे १,५६० रुपये वाचतात. म्हणजे ‘करमुक्त भेट’ या शब्दांचा गोडवा सर्वांत वरच्या मोजक्या लोकांपुरता असतो, आणि कार्डाचे शुल्क, मुदत, गैरसोय हे सारे सर्वांच्या वाट्याला येते. कार्ड विकणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात पहिले पान करबचतीचे असते. आपल्या पगारपत्रकाकडे पाहता ते पान आपण खुशाल उलटून पुढे जावे.

मग कार्डाच्या फंदात न पडता सरळ बँकेत रक्कम का जमा करू नये? हा आक्षेप रास्त आहे, आणि काही कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तेच उत्तर आहे. परंतु येथील भगिनींशी बोलल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. पगाराच्या खात्यात पडलेली रक्कम तिची राहतेच असे नाही. गाडीचा हप्ता त्याच रात्री वळता होतो, बचत गटाच्या कर्जाचे पैसे त्यातूनच जातात, आणि पुष्कळदा एटीएम कार्ड घरातील दुसऱ्या कोणाच्या खिशात असते. तिच्या नावाने, तिच्या हाती दिलेले कूपन घेऊन ती स्वतः दुकानात जाते आणि मुलीसाठी परकराचे कापड घेते, किंवा गेली दोन वर्षे लांबणीवर पडलेला कुकर घेते. गौरवाच्या भेटीचा हेतू हाच असेल, तर कार्डाला किंवा कूपनाला कराखेरीज स्वतंत्र कारण आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र ते कूपन तिला वापरता आले पाहिजे.

परदेशांतही हा विषय निरनिराळ्या रीतीने हाताळला जातो. अमेरिकेत मालकाने दिलेले गिफ्ट कार्ड रोखीसमानच मानतात आणि ते कितीही लहान असले तरी करपात्र धरतात. ब्रिटनमध्ये २०१६ पासून ५० पौंडांपर्यंतच्या किरकोळ भेटी, रोखीत न बदलणाऱ्या व्हाउचरांसह, करमुक्त आहेत. आयर्लंडने तर १ जानेवारी २०२५ पासून वर्षाला पाच भेटी आणि मिळून १,५०० युरोपर्यंत सूट दिली आहे. तेथे कार्डांचा मोठा व्यापार उभा राहिला आहे आणि कमी शुल्काचे कार्ड कोणते, ही तुलना नित्याची झाली आहे. आपल्याकडेही २००५ ते २००९ या काळात फ्रिंज बेनिफिट टॅक्स होता. त्यात भेटींवरील कराचा भार कर्मचाऱ्यावर नसून मालकावर होता, आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना त्यातून वगळले होते. तो कर गेला, परंतु त्या काळात कंपन्यांना लागलेली कूपनांची सवय टिकून राहिली.

कार्डे मुख्यतः तीन प्रकारची. पहिले, एकाच दुकानाने किंवा दुकानमालिकेने स्वतःसाठी काढलेले. ते तेथेच चालते, त्यातून रोख काढता येत नाही, आणि दुकान स्वतःच ते काढत असेल तर त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची गरज नसते. दुसरे, बँकांचे गिफ्ट कार्ड, जे कार्डयंत्र असलेल्या कोणत्याही दुकानात चालते. तिसरे, अनेक नाममुद्रांचे मिळून असलेले इलेक्ट्रॉनिक व्हाउचर. भ्रमणध्वनीवर संकेतांक येतो आणि त्यातून हव्या त्या दुकानाचे कूपन निवडायचे असते. बँका आणि अधिकृत कंपन्यांच्या अशा साधनांसाठी रिझर्व्ह बँकेचे २७ ऑगस्ट २०२१ चे मुख्य निर्देश आहेत. त्यानुसार एका गिफ्ट कार्डाचे कमाल मूल्य १०,००० रुपये. ते पुन्हा भरता येत नाही, त्यातून रोख काढता येत नाही आणि दुसऱ्याच्या खात्यात पैसे वळविता येत नाहीत. किमान मुदत एक वर्षाची असते. जे वॉलेट बँक खात्यात रिकामे करता येते, ते मात्र भेटीच्या सवलतीसाठी घेऊ नये. ते रोखीसारखेच ठरेल.

शुल्काचा हिशेब आता साध्या उदाहरणाने पाहू. समजा १२० कर्मचाऱ्यांना प्रत्येकी ३,००० रुपये द्यावयाचे आहेत. म्हणजे ३,६०,००० रुपये. समजा बँक प्रत्येक कार्डामागे १०० रुपये आकारते आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. एका कार्डाला ११८, सर्वांना मिळून १४,१६० रुपये. व्हाउचरच्या दर्शनी मूल्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, हे ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट झाले आहे. परंतु शुल्कावर तो लागतो, आणि आपली आरोग्यसेवा बहुतांशी त्या करातून मुक्त असल्याने आपणांस त्याची वजावट मिळत नाही. ते अठरा रुपये खर्चातच जातात. कार्ड ५०० रुपयांचे असो वा ४,५०० चे, शुल्क तेवढेच. म्हणून वर्षात सहा वेळा लहान लहान कार्डे देणे हे सर्वांत महाग. ५०० च्या कार्डावर ११८ म्हणजे जवळजवळ २४ टक्के, आणि ४,५०० च्या कार्डावर तेच ११८ म्हणजे अडीच टक्क्यांहून किंचित अधिक.

दुसऱ्या बाजूला मोठी दुकानमालिका घाऊक खरेदीवर शुल्क तर घेत नाहीच, उलट सूट देते. तीन टक्के सूट धरली तर १०,८०० रुपये वाचले, असे दरपत्रकावरून दिसेल. येथेच मी सुरुवातीस सांगितलेला तिसरा खर्च सुरू होतो. ते दुकान आहे पुण्यात. आपली मावशी राहते पौडला, किंवा त्याहून आत कोळवण खोऱ्यात, नाहीतर धरणाच्या वर ताम्हिणीच्या बाजूला. पौडहून कोथरूडला पंचवीस-एक किलोमीटर. पीएमपीच्या बसने जायचे, चांदणी चौकातली कोंडी सोसायची, मॉलमध्ये बाचकत शिरायचे, आणि गल्ल्यावर कार्ड चालत नाही किंवा आधी अॅप उघडा असे ऐकायचे. जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेला अर्धा दिवस आणि सोबत नेलेल्या मुलाचे खाणे हा सगळा त्या कार्डावरचा आकारच आहे. तो संस्थेच्या खतावणीत येत नाही म्हणून तो नाही असे होत नाही. त्यातच दुकानातील सर्वांत स्वस्त वस्तू ३,४०० ची असली, तर पदरचे चारशे घालायचे. २,८०० ची घेतली, तर दोनशे रुपये कार्डात पडून राहतात आणि त्यांच्यासाठी पुन्हा कोणी पुण्याला जात नाही. १२० पैकी केवळ २० कार्डे अशी कपाटात पडून राहिली, तर ६०,००० रुपये वाया गेले. मिळालेल्या सवलतीच्या ते पाचपटींहून अधिक.

मुळशी हा एक तालुका असला तरी येथे दोन बाजार आहेत. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान संकुल याच तालुक्यात आहे. तेथील अभियंत्याला इलेक्ट्रॉनिक व्हाउचर आले, तर जेवणाच्या सुट्टीत तो ते संपवितो. त्याच्या दृष्टीने सर्वांत कमी शुल्काचे कार्ड तेच खरे. भूगाव-भुकूमला राहणाऱ्या आपल्या तंत्रज्ञांचेही तसेच. परंतु माले गावाच्या पुढे जिथे भ्रमणध्वनीला धड रेंज मिळत नाही आणि घरातला एकुलता स्मार्टफोन मुलाच्या हाती असतो, तिथे ओटीपी मागणारे व्हाउचर हे बंद कुलपासारखे आहे. तेव्हा सर्वांना एकच कार्ड, हा आग्रह आपण सोडावा. मूल्य सर्वांना सारखे असावे, साधन मात्र निवडू द्यावे. एक साधा कागद फिरवून दोन-तीन पर्यायांपुढे खूण करवून घेणे एवढेच काम आहे.

पौड आणि पिरंगुटच्या किराणा, भांडी व कापड दुकानदारांशी बोलून त्यांनी स्वतःच्या दुकानापुरती कूपने काढावीत, हा मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो. यावर शुल्क नाही, पुण्याची फेरी नाही, आणि पैसा तालुक्यातच राहतो. काही अटी मात्र लेखी घ्याव्यात. मुदत किमान एक वर्ष. कूपन शंभर-दोनशेच्या तुकड्यांत, म्हणजे शिल्लक अडकणार नाही. सणासाठी भाव चढविलेला नसावा. आणि दुकानातील कोणतीही वस्तू घेता यावी, दुकानदाराला खपवायची असलेलीच नव्हे. पैसे बँकेतूनच द्यावेत. एक सावधगिरी घ्यावी लागेल. रुग्णालयाने स्वतःच्या शिक्क्याची, तीन-चार दुकानांत चालणारी कूपने छापू नयेत. अनेक दुकानांत चालणारे साधन काढणे हा २००७ च्या देयक व्यवस्था कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा विषय होतो. ज्या त्या दुकानाचे कूपन त्या त्या दुकानाने काढावे, आपण ते विकत घ्यावे.

याच ठिकाणी विश्वस्त मंडळाला एक स्पष्ट गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. धर्मादाय संस्थेचा पैसा विश्वस्तांच्या किंवा त्यांच्या नातलगांच्या लाभासाठी वापरला गेला, तर संस्थेची करसवलत धोक्यात येते. पौडसारख्या गावात दुकानदार आणि विश्वस्त यांचे नाते निघणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून तीन दरपत्रके घ्यावीत, ज्यांचा संबंध असेल त्या विश्वस्तांनी निर्णयाच्या वेळी बाजूला बसावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. विश्वस्तांचे नातलग आपल्या येथे नोकरीस असतील, तर त्यांना इतरांइतकेच आणि त्याच नियमाने मिळावे. कार्ड कंपनीने घाऊक खरेदीवर दिलेली सूट, परतावा किंवा ‘शंभर कार्डांवर एक घड्याळ मोफत’ अशी जी काही भेट असेल, ती संस्थेच्या हिशेबात जमा व्हावी. ती खरेदी करणाऱ्या लिपिकाच्या मनगटावर दिसू नये. आणि निर्धन रुग्ण निधी, जो १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार रुग्णांच्या देयकांतील दोन टक्क्यांतून उभा राहतो, त्याला या कामासाठी हात लावण्याचा विचारही कोणी मनात आणू नये.

जेवणाच्या कूपनांविषयीही विचारणा झाली. सोडेक्सोची कूपने पुण्यात एके काळी किराणा दुकानांतही सर्रास चालत, त्यामुळे ती अनेकांना आठवतात. जुन्या नियमांत एका जेवणामागे ५० रुपयांची जी सूट होती, ती नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्याला व्हाउचरच्या रूपात मिळत नव्हती. आपल्या रात्रपाळीला गरम जेवण स्वयंपाकघरातूनच मिळते. ते चालू ठेवावे, इतकेच म्हणेन.

मानद आणि भेट देणारे तज्ज्ञ डॉक्टर हे आपले कर्मचारी नव्हेत. त्यांना दिलेले कार्ड कर्मचारी-भेटीच्या सवलतीत येत नाही. व्यावसायिकाला दिलेल्या लाभाचे वर्षाचे मूल्य २०,००० रुपयांपलीकडे गेल्यास १० टक्के करकपातीची तरतूद १ जुलै २०२२ पासून आली. त्यांचा सन्मान शाल, श्रीफळ आणि मानपत्राने करावा, तो अधिक शोभतोही. औषध कंपन्यांकडून येणारी गिफ्ट कार्डे घेऊन कर्मचाऱ्यांत वाटावीत, अशी एक सूचना ऐकू आली. डॉक्टरांनी अशा भेटी स्वीकारण्यास वैद्यकीय परिषदेच्या नीतिनियमांत २००९ पासून मनाई आहे, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना त्या खर्चाची वजावटही नाकारली आहे. कार्ड डॉक्टरांऐवजी लिपिकाच्या हाती आले तरी त्यामागचा हेतू बदलत नाही.

सफाई आणि सुरक्षेचे काम करणारी मंडळी कंत्राटदारामार्फत येतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे मालक आपण नाही, म्हणून यादी करताना ही नावे सहज गळतात. शस्त्रक्रियागृहाची फरशी पुसणारी भगिनी दिवाळीच्या आदल्या दिवशी इतरांच्या हातांतील पाकिटे पाहत उभी राहते. तिला भेट देण्यास आयकराची काही आडकाठी नाही; मालक नसलेल्याकडून मिळालेल्या भेटी वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत करपात्र होत नाहीत. विश्वस्तांचा स्वतंत्र ठराव मात्र हवा. मघाच्या उदाहरणातील बँक कार्डांचे १४,१६० रुपयांचे शुल्क वाचले, तर त्यातून अशा चार भगिनींना प्रत्येकी ३,००० रुपयांची कूपने देऊन २,१६० रुपये उरतात. शुल्काच्या प्रश्नात मला रस आहे तो यासाठी.

लेखा विभागासाठी एक सूचना. अध्यक्षांच्या छायाचित्रासह व्हॉट्सअॅपवर ‘मी सभेत आहे, तातडीने वीस गिफ्ट कार्डे घेऊन त्यांचे क्रमांक पाठवा’ असा निरोप येण्याचे प्रकार सर्वत्र घडत आहेत. कार्डाचा क्रमांक आणि पिन गेला की पैसा गेला. असा निरोप कोणाच्याही नावाने आला तरी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय खरेदी करू नये, आणि फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

दिवाळीपूर्वी कार्डे हाती पडावयाची तर पर्यायांचा कागद गणेशोत्सव संपताच फिरवावा, नवरात्रात ठराव आणि दरपत्रके व्हावीत, म्हणजे वसुबारसेच्या आधी आठ दिवस वाटप होईल आणि घरच्या खरेदीला त्याचा उपयोग होईल. भाऊबिजेनंतर मिळालेल्या कार्डाची कोणाला नवलाई नसते.

आणि ज्यांच्याकडे पूर्वी कोठून मिळालेली, मुदत संपलेली बँकेची गिफ्ट कार्डे पडून असतील, त्यांनी ती फेकू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार धारकाने मागणी केल्यास असे कार्ड पुन्हा वैध करून किंवा बदलून देता येते. कार्ड आणि सोबतचे पाकीट घेऊन येत्या सोमवारपासून दुपारी लेखा विभागात यावे. अर्ज भरून देण्याचे काम आमची मंडळी करतील.